दुखणं गावाचं की घराण्याचं?

गुडघा दुखतो म्हणून आणलेल्या लहान मुलाचा नुसता गुडघा तपासून भागत नाही. अस्थिरोगाच्या विद्यार्थ्यांना हे सुरुवातीलाच बजावलेलं असतं. मुलगा सहा-सात वर्षांचा, वर्गात सगळ्यांत बारका, पण एका जागी न बसणारा. दोन-तीन महिने लंगडतोय. संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. कुठे दुखतं म्हणून विचारलं तर गुडघ्यावर हात ठेवतो. गुडघ्याला सूज नाही, दाबून दुखत नाही, अंगात ताप नाही. मग डॉक्टर त्याला उताणा झोपवतात, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवतात आणि पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला नेतात. चांगल्या पायाचं पाऊल सहज जातं. दुखऱ्या पायाचं थोडं जाऊन अडतं आणि त्याबरोबर मुलाची कंबर टेबलावरून उचलली जाते. मांडी बाजूला फाकवतानाही तेच. बिघाड खुब्यात आहे आणि कळ गुडघ्यात येते आहे, कारण खुब्याला आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला संवेदना देणारी नस एकच.

आंबोलीसारख्या गावात हे निदान व्हायला वेळ लागतो, यात नवल नाही. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण खुब्याचा एक्स-रे काढून तो वाचणारा तज्ज्ञ गाठायचा तर घाट उतरून सावंतवाडी, नाहीतर पुढे गोव्यात बांबोळी, किंवा उलट दिशेला बेळगाव. जून ते सप्टेंबर या दिवसांत सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समोरची गाडी दिसत नाही असं धुकं, त्यात लावणीची घाई. मूल लंगडतं पण खेळतंय, खातंपितंय, मग आधी मालीश होते, लेप होतो, कुणी हाडवैद्याचं नाव सुचवतं. आणि कारण तर घरात प्रत्येकाकडे तयार असतं. आजी म्हणते गारठा बाधला, आईला आठवतं की गणपतीच्या सुट्टीत तो पडवीवरून पडला होता.

गारठ्याचं आधी उरकून घेऊ, कारण ‘पाऊस लागलो की ढोपरां बोलूक लागतत’ हे म्हातारी माणसं अनुभवानं सांगतात आणि अनुभवाला एकदम खोटं म्हणू नये. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतल्या एक कोटीहून अधिक दवाखाना-भेटी पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा पावसाच्या दिवशी सांधेदुखीची तक्रार वाढल्याचं दिसलं नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र अडीच हजारांवर रुग्णांनी रोजच्या रोज मोबाइलवर आपलं दुखणं नोंदवलं होतं. त्यात दमट हवा, कमी दाब आणि वारा यांच्याशी दुखण्याचा थोडासा संबंध आढळला. म्हणजे आहे ते दुखणं दमट हवेत किंचित जास्त बोचत असेलही. पण पावसानं सांधा बिघडत नाही. तसं असतं तर आंबोली-चौकुळ-गेळ्यातलं एकही ढोपर धड राहिलं नसतं.

पडण्याचं मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. सहा-सात वर्षांचं कुठलं मूल महिन्याभरात पडलेलं नसतं? विचारलं की आठवतं, आणि आठवलं की तेच कारण होऊन बसतं.

एक्स-रेमध्ये जे दिसतं ते वेगळीच गोष्ट सांगतं. मांडीच्या हाडाचं वरचं गोल डोकं खोबणीत बसतं, तोच खुब्याचा सांधा. या मुलाच्या दुखऱ्या बाजूचं डोकं दुसऱ्या बाजूपेक्षा लहान, जास्त पांढरं, वरून चपटं होऊ लागलेलं असतं. आणि गंमत अशी की डोकं आणि खोबणी यांच्यामधली मोकळी जागा कमी न होता वाढलेली दिसते. ती जागा मोकळी नसतेच. तिथे कूर्चा असते, ती एक्स-रेत उमटत नाही एवढंच. हाडाच्या गाभ्याला रक्त मिळेनासं झालं म्हणून तो वाढायचा थांबला. वरच्या कूर्चेचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून होतं, म्हणून ती वाढतच राहिली. रक्तावर जगणारं हाड मेलं आणि रक्ताविना जगू शकणारी कूर्चा जाड होत गेली. कूर्चेचा हाडाला चिकटलेला खालचा थर मात्र हाडाबरोबरच गेलेला असतो.

या विकाराला पर्थेसचा विकार म्हणतात. १९१० साली बॉस्टनचे आर्थर लेग, फ्रान्सचे झाक काल्व्हे आणि जर्मनीचे गेओर्ग पर्थेस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. आदल्याच वर्षी स्वीडनच्या हेनिंग वाल्डेनस्ट्रॉम यांनीही अशाच मुलांबद्दल लिहिलं होतं, पण त्यांना तो खुब्याचा सौम्य क्षय वाटला. त्यांना हसण्यात अर्थ नाही. त्या काळी युरोपातलं लंगडणारं मूल म्हटलं की पहिला संशय क्षयाचाच. काल्व्हे तर बेर्क या समुद्रकाठच्या गावी हाडांच्या क्षयाच्या मुलांमध्येच काम करत होते. एक्स-रेचा शोध १८९५चा. तो हाताशी नसता तर ‘आपोआप बरा होणारा क्षय’ या नावाखाली हा विकार आणखी कितीतरी वर्षं दडून राहिला असता. आपल्याकडे क्षयाची शंका आजही आधी फेडून घ्यावीच लागते, आणि विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं मूल असेल तर सिकलसेलचीही, कारण त्या आजारातही खुब्याच्या डोक्याचं रक्त असंच तुटतं.

रक्त तुटतं कसं, हे शरीररचनेतून बरंचसं कळतं. मांडीच्या हाडाचं डोकं आणि मान यांच्यामध्ये वाढत्या वयात कूर्चेची एक चकती असते. हाड लांब होतं ते तिच्यामुळे. खालून येणाऱ्या रक्तवाहिन्या ही चकती ओलांडू शकत नाहीत. डोक्याला रक्त मिळतं ते मानेच्या बाहेरून, हाडाला चिकटून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. खोबणीच्या बाजूने एका अस्थिबंधातून आणखी एक वाट पुढे उपयोगी पडते. स्पेनमधून इंग्लंडात गेलेले शल्यविशारद होसे त्रुएता यांनी १९५७ साली दाखवलं की साधारण चार ते सात या वयात ही दुसरी वाट अजून कामाला लागलेली नसते. तेवढी तीन-चार वर्षं डोक्याचा सगळा संसार एकाच वाटेच्या रक्तावर चालतो. हा विकार नेमका चार ते आठ या वयात का दिसतो, हे त्यातून उलगडतं. पण त्या वयातून तर जगातली सगळीच मुलं जातात. हजारो मुलांतल्या याच एकाचं रक्त का तुटलं? आणि मुलींच्या चार-पाच पट मुलगेच का?

इथून पुढचा भाग पोलीस तपासासारखा आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा आंबोलीच्या घाटासारख्याच घाटांवर सापडला.

जगभर या विकाराचं प्रमाण सारखं नाही. दर एक लाख मुलांमागे वर्षाला ०.२ पासून १९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर पटींचा फरक. उत्तर युरोपात जास्त. विषुववृत्ताकडे सरकावं तसं कमी. आफ्रिकन वंशाच्या मुलांत फारच थोडं. या हिशेबानं दक्षिण भारतात तो क्वचितच दिसायला हवा. पण मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातले बालअस्थिरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन जोसेफ यांच्याकडे अशी मुलं येतच राहिली. पुढे त्यांच्या गटानं या विकाराच्या वाटचालीवर लेख लिहिला तो तब्बल ६१० मुलांच्या आधारे. युरोपातल्या मोठमोठ्या केंद्रांनाही हेवा वाटावा, किंवा खरं तर वाईट वाटावं, असा हा आकडा. १९८८ साली जोसेफ आणि सहकाऱ्यांनी ही मुलं कुठल्या गावांहून येतात ते नकाशावर मांडलं. ठिपके पडले ते समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. घाट चढून पलीकडे गेलं की ठिपके विरळ.

आंबोलीला उभं राहिलं की ही रेषा किती धारदार आहे ते डोळ्यांनी दिसतं. समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवरचं हे गाव. पश्चिमेला कड्यावरून कोसळणारं पाणी घाटाखाली उतरून अरबी समुद्राला मिळतं. गावातच उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. खाली भात, नारळ, मासळी, जांभ्याची घरं. वर काही कोसांवर ज्वारीचा मुलूख. माणसं, अन्न, पाणी, माती, सगळं एका घाटात बदलतं. त्यामुळे ठिपके घाटाशी येऊन थांबतात हे ऐकलं की मन लगेच म्हणतं: खालच्या मातीतच काहीतरी आहे.

थांबावं. नकाशाला विचारायचा पहिला प्रश्न असा, की रुग्णालय कुठे आहे? मणिपाल किनारपट्टीवर आहे. घाटाखालचं पोर तिथे येणार, घाटावरचं हुबळीला किंवा आणखी कुठे जाणार. ठिपक्यांच्या नकाशात रोगाबरोबर एसटीचे मार्गही उमटलेले असतात, आणि असे नकाशे वाचताना हे भान सुटलं की फसगत ठरलेली. पण उलट बाजूलाही वजन आहे: बाकीच्या भारतातल्या मोठ्या अस्थिरोग केंद्रांतून असे ढीग कुणी सांगितलेले नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या मुलांत विकार सुरू होण्याचं वयही पाश्चात्य मुलांपेक्षा जास्त निघालं. नुसत्या रुग्णालयाच्या जागेनं वय बदलत नाही.

जोसेफ यांच्या त्या लेखाचे एक सहलेखक होते अँड्र्यू हॉल. हॉल यांनी आधी लिव्हरपूलमध्ये हाच उद्योग केला होता. तिथे ठिपके पडले ते शहराच्या मधल्या, गरीब, दाटीच्या वस्त्यांत. ज्या घरांत पैसा कमी त्या घरांत पर्थेस जास्त. पुढे ब्रिटनभरच्या नोंदी पाहिल्या तेव्हाही तेच दिसलं, आणि दुसरंही: गेल्या काही दशकांत प्रमाण उतरत गेलं आहे. जनुकं इतक्या थोड्या वर्षांत बदलत नाहीत, राहणीमान बदलतं. गरिबीतलं नेमकं काय, यावर हॉल यांचा संशय आहारातल्या मँगेनीजवर होता; या मुलांच्या रक्तात ते कमी आढळलं असं त्यांनी मांडलं. हा धागा पुढे फारसा लांबला नाही. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: या मुलांची वाढच मुळात उशिराची असते. मनगटाचा एक्स-रे काढला तर तिथली हाडं वयाच्या मानानं वर्ष-दोन वर्षं मागे. म्हणजे खुब्यात काही बिघडण्याच्या आधीच सगळ्या सांगाड्याची चाल मंदावलेली होती. वर्गातलं ते सगळ्यांत बारकं पोर आठवा.

मग धूर. पाश्चात्य देशांत घरातल्या सिगारेटीच्या धुराशी आणि गरोदरपणातल्या आईच्या धूम्रपानाशी पर्थेसचा संबंध दिसला होता. मणिपालच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तंबाखूच्या धुराबरोबर लाकडाचा धूरही तपासला आणि दोन्हींनी धोका वाढतो असं आढळलं. कोकणातलं जुनं स्वयंपाकघर ज्यानं पाहिलंय त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. कौलांपर्यंत काळवंडलेल्या भिंती, पावसात ओली झालेली लाकडं, फुंकणीनं फुंकून डोळे लाल झालेली बाई, आणि तिच्या मांडीशी ऊब धरून बसलेलं मूल. तंबाखूच्या धुरानं रक्ताची गुठळी सहज बनते आणि बारीक वाहिन्या आकसतात, हे ठाऊकच आहे. पण पुन्हा थांबावं लागतं. चूल घाटावरही पेटते. मराठवाड्यात, बुंदेलखंडात, बिहारात पेटते. धूरच एकटा गुन्हेगार असता तर ठिपके घाटाशी का थांबले असते?

गुठळीचा संशय अमेरिकेत वेगळ्या वाटेनं आला होता. १९९०च्या दशकात काही पर्थेस-मुलांच्या रक्तात गुठळी रोखणारी प्रथिनं कमी आढळली आणि कोडं सुटलं असं वाटलं. मग इतरांनी तपासलं. कुणाला तसंच दिसलं, कुणाला अजिबात नाही. जनुकांचाही पिच्छा पुरवला गेला. जपानमध्ये एका कुटुंबात कूर्चेतल्या कोलॅजनच्या जनुकात बिघाड मिळाला खरा, पण ते एक कुटुंब झालं. डेन्मार्कमध्ये जुळ्यांची देशव्यापी नोंदवही आहे, तिच्यात शोधलं तर बहुतेक जोड्यांत एकालाच विकार झालेला, दुसरा खुशाल. एकाच गर्भात, एकाच घरात वाढलेले. कुत्र्यांतल्या लहान टेरियर जातींत हुबेहूब हाच विकार आनुवंशिक म्हणून चालत येतो. माणसाच्या पोराला ते लागू पडत नाही.

म्हणून आज जाणकार जे बोलतात ते असं: काहीतरी लहानपणीच सांगाड्याची वाढ मंदावतं, खुब्याच्या रक्तपुरवठ्याचा नाजूक काळ लांबतो, आणि त्या काळात धूर, गुठळी, दंगेखोर मुलाच्या उड्या यांपैकी काहीतरी शेवटचा धक्का देतं. बहुधा एकाहून जास्त धक्के. सरळ एका कारणाची सवय लागलेल्या आपल्याला हे उत्तर गुळमुळीत वाटतं. मला ते प्रामाणिक वाटतं. आणि एका कारणाच्या घाईचं काय होतं याचं उदाहरण बघायला फार लांब जावं लागत नाही; याच डोंगररांगेवर दक्षिणेला, जोगचा धबधबा ज्या सागर तालुक्यात आहे त्याच तालुक्यात जावं लागतं.

हंदिगोडू हे शिमोगा जिल्ह्यातलं गाव. मलनाडातलं, आंबोलीसारखंच पावसानं भिजलेलं, भाताचं. १९७४-७५च्या सुमारास तिथल्या शेतमजुरांतला एक विचित्र आजार बाहेरच्या जगाच्या नजरेला आला. आधी खुबे, मग गुडघे आखडत जायचे. चालणं कठीण व्हायचं, माणसं काठीवर आणि पुढे हातांवर रांगायची. काहींची उंचीच खुंटलेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले शास्त्रज्ञ तिथे गेले. त्यांतल्या कृष्णमाचारींनी नुकतंच, १९७३मध्ये, तेव्हाच्या आंध्रातल्या नळगोंडा भागात फ्लोराइडयुक्त पाणी पिणाऱ्या गरीब मुलांच्या आत वळलेल्या गुडघ्यांवर लिहिलं होतं. पाणी आणि अन्न हाडं कशी बिघडवतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तेव्हा हंदिगोडूतही नजर अन्नपाण्याकडे वळणं स्वाभाविक होतं.

संशय गेला तो शेतातल्या खेकड्यांवर. भाताच्या नव्या वाणांबरोबर कीटकनाशकं आली होती, खाचरांत फवारली जात होती, आणि मजूर कुटुंबं त्याच खाचरांतले खेकडे आणि मासे खात होती. ही गोष्ट सिंधुदुर्गातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन मळ्यात कुर्ल्या पकडणं, चढणीचे मासे धरणं, हा इथे अजूनही सोहळा आहे. गरिबाच्या ताटातलं एकमेव फुकटचं प्रथिन, आणि त्यावर श्रीमंताच्या शेतातलं विष. कथा इतकी चपखल होती, आणि त्यातला अन्याय इतका खरा होता, की ती वर्तमानपत्रांतून पसरली आणि लोकांच्या मनात रुतली.

अडचण एकच होती. आजार जवळजवळ फक्त चन्नंगी आणि छलवादी या दोन दलित समाजांत होता. तेच खेकडे, तेच पाणी, तेच शेत असलेल्या इतर मजुरांत नव्हता. आणि घराण्यांचे वृक्ष मांडले की तो बापाकडून मुलीकडे, आईकडून मुलाकडे असा उतरत आलेला दिसायचा. भट आणि कृष्णमाचारी यांनी १९७७ साली त्याला ‘मलनाडचा स्थानिक कौटुंबिक सांधेविकार’ असं नाव दिलं. ‘स्थानिक’ आणि ‘कौटुंबिक’ हे दोन्ही शब्द त्यात शेजारी शेजारी ठेवावे लागले, यातच सगळी कोंडी आली. पुढे लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. एस. एस. अगरवाल, डॉ. शुभा फडके आणि सहकारी यांनी या कुटुंबांच्या एक्स-रेंचा बारकाईनं अभ्यास केला. १९९४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: हा मणके आणि लांब हाडांची टोकं यांच्या वाढीतला जन्मजात दोष आहे, आणि तो प्रभावी जनुकानं उतरतो. म्हणजे आई-बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. आपापसांत सोयरीक करणाऱ्या छोट्या समाजात असं जनुक घराघरांत फिरत राहतं, बाहेर जात नाही.

मग १९७०च्या दशकात तो अचानक ‘सुरू’ कसा झाला? कदाचित झालाच नसेल. भूमिहीन दलितांच्या वस्तीतलं लंगडणं त्याआधी कुणी मोजलं होतं? याच शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडताप सापडला. गोचिडीतून पसरणारा तो विषाणू सह्याद्रीच्या आधारानं उत्तरेला सरकत २०१६ साली आपल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावी पोचला. संसर्ग असाच डोंगर ओलांडतो. हंदिगोडूचा आजार मात्र जिथे सापडला त्या कुटुंबांबरोबरच राहिला. तरीही खेकड्यांची कथा अजून भेटते, आणि त्याचं कारण मला कळतं: जनुकाला जबाबदार धरता येत नाही, फवारणाऱ्याला धरता येतं.

याचा अर्थ ‘अन्नानं सांधे बिघडतात’ ही शंकाच वेडगळ, असं मुळीच नाही. सायबेरिया, चीन आणि तिबेट यांच्या एका पट्ट्यात काशीन-बेक नावाचा विकार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला निकोलाय काशीन यांनी उरोव नदीकाठच्या कोसॅक वस्त्यांत तो पाहिला, १९०६ साली बेक दांपत्यानं सविस्तर मांडला. तिथेही वाढत्या वयातली कूर्चा मरते, बोटं जाडजूड आणि आखूड होतात, गुडघे-घोटे सुजतात. पण तो घराण्यात नाही, गावात राहतो. धान्य बदललं, गाव बदललं की पुढची पिढी बहुधा सुटते. संशयित तिघे: मातीत सेलेनियमची कमतरता, साठवणीतल्या धान्यावर येणाऱ्या बुरशीचं विष, आणि पिण्याच्या पाण्यातली कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची आम्लं. १९९८ साली तिबेटमधल्या अभ्यासानं त्यात आयोडिनच्या कमतरतेची भर घातली. पुढे नुसतं सेलेनियम देऊन पाहिलं, तर आयोडिनची तूट भरलेल्या मुलांच्या सांध्यांत म्हणावा तसा फरक पडला नाही. पुन्हा तेच, एकाला धरलं की दुसरा हातातून निसटतो.

पर्थेसच्या मुलाकडे परत येऊ. कारण नक्की ठाऊक नसलं तरी करण्यासारखं पुष्कळ आहे, कारण हे मेलेलं हाड शरीर स्वतःच काढून टाकतं आणि त्या जागी नवं रचतं. त्याला दोन ते चार वर्षं लागतात. धोका मधल्या काळाचा आहे, जेव्हा जुनं ढासळलेलं असतं, नवं कच्चं असतं, आणि मुलाचं वजन त्यावर पडत असतं. उकडीचा गोळा साच्यात नीट दाबून बसवला तर मोदक होतो, कडेला निसटला तर वेडावाकडा गोळा, खुब्याचं तसंच. मऊ झालेलं डोकं खोबणीत पूर्ण आत राहील अशी तजवीज पट्ट्यानं किंवा शस्त्रक्रियेनं हाडाचा कोन बदलून केली, तर ते गोल भरून येण्याची शक्यता वाढते. चपटं भरून आलं तर तरुणपण निभावतं, पण चाळिशी-पन्नाशीत कूर्चा झिजून खुबा बदलायची पाळी येते. इथे वयाला फार महत्त्व आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे हाड सुधारायला वाढीची पुष्कळ वर्षं शिल्लक असतात. आठच्या पुढे सुरू झालं तर हातात वेळ कमी, आणि आपल्या किनाऱ्याच्या पट्टीत ते उशिराच सुरू होतं. मालीश आणि लेपात घालवलेले सहा महिने म्हणून इथे लिव्हरपूलपेक्षा महाग पडतात.

इतकं सांगून झालं की बहुतेक आया एकच प्रश्न विचारतात: धाकट्यालाही होईल का? डॉक्टरांच्या दृष्टीनं कारणाचा सगळा शोध या एका प्रश्नापाशी येऊन ठेपतो. पर्थेस असेल तर उत्तर ‘बहुधा नाही’ असं देता येतं. डेन्मार्कच्या जुळ्यांनी ते आपल्याला मिळवून दिलं. पण एक्स-रेत दोन्ही खुबे एकाच वेळी, एकाच टप्प्यावर, सारखेच बिघडलेले दिसले तर तज्ज्ञ पर्थेस म्हणायला कचरतात. मग गुडघ्यांचे, मनगटाचे, मणक्यांचे एक्स-रे निघतात, थायरॉइडची तपासणी होते, आणि आई-वडिलांना उभं करून त्यांची उंची मोजली जाते, त्यांची चाल पाहिली जाते, आजोबा काठीनं चालत होते का ते विचारलं जातं. कारण तो हंदिगोडूच्या प्रकारचा, घराण्यातून प्रभावी जनुकानं उतरणारा दोष निघाला, तर धाकट्याचं उत्तर बदलतं: दोनांत एक.